आगबोटीचे भाडे व प्रवाशाची अपेक्षा

सागरी सहलीची आवड आपल्या व्यापारी कुटुंबांत वाढत चालली आहे. मुंबईस जाऊन तेथून जहाजाने गोवा अथवा लक्षद्वीप पाहून यावे, असा बेत बेळगाव-निपाणीकडील घरांतूनही आता ऐकू येतो. परत आल्यावर मात्र भाड्याच्या मानाने सोय मिळाली की नाही, यावर घराघरांत मतभेद होतात. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कारण भाडे नेमके कशाचे, हेच बहुधा आधी ठरलेले नसते.

उद्यमबागेत आपण कास्टिंगची ऑर्डर देतो तेव्हा हाती ड्रॉइंग देतो. धातूची प्रत, मापे, मापात किती सूट चालेल, हे सर्व त्यात असते. आणि माल आला की मापून घेतो. जहाजाच्या तिकिटास असे ड्रॉइंग नसते. जाहिरातीतील रंगीत चित्र हेच प्रवासी ड्रॉइंग समजतो, आणि तेथेच तंट्याचे मूळ आहे.

आपल्या वाडवडिलांस हा प्रश्न पडत नसे. लोहमार्ग येण्यापूर्वी बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ले. पुढे कित्येक वर्षे मुंबई-गोवा आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करीत तेथे येई. डेकचा प्रवासी आपली वळकटी व शिदोरी बरोबर घेई, मिळेल त्या जागी अंथरूण पसरी आणि किनाऱ्याजवळ होडीत उतरे. भाडे वाहतुकीचे होते. सुखाचा करार त्यात नव्हता. तरी एक अपेक्षा प्रत्येक वर्गाच्या तिकिटात गृहीत होती, ती म्हणजे सुखरूप पोहोचण्याची. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नसल्याने ही वार्ता मुंबईस पोहोचण्यासही कित्येक तास लागले. वरच्या वर्गाच्या पैशांनी गादी मऊ मिळावी, हे योग्य आहे. पण जीवरक्षक पट्टा सर्वांना सारखाच मिळाला पाहिजे. आजही जहाजावर चढल्यावर सुरक्षेची कवायत होते. ती टाळून भोजनगृहाकडे धावणाऱ्यांत आपलीही मंडळी असतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

भाड्याच्या खेळाची दुसरी बाजू आपल्याच समाजातील एका उद्योगपतीने अनुभवली. सोलापूरचे वालचंद हिराचंद व त्यांचे सहकारी यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिचे 'लॉयल्टी' जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. परकीय कंपन्यांनी या नव्या कंपनीस चिरडण्यासाठी मालाचे दर पाडले. शिवाय सवलत मागाहून देण्याची एक युक्ती त्यांच्या हाती होती: ठरावीक महिने दुसऱ्या कोणाच्या जहाजातून माल पाठविला नाही, तरच भाड्याचा काही भाग व्यापाऱ्यास परत मिळे. स्वस्त भासणारा दर गिऱ्हाइकाचे हात कसे बांधतो, याचा हा नमुना होय.

कोकणची जुनी बोट 1980 च्या दशकात बंद पडली. 2018 च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा बोट सुरू झाली आणि 2020 साली थांबली. एका रात्रीच्या त्या प्रवासाची तुलना प्रवासी साहजिकच रेल्वेच्या तिकिटाशी करीत, वास्तविक ती हॉटेलच्या खोलीशी करावयास हवी होती. 2021 च्या सप्टेंबरात मुंबईहून सुरू झालेल्या कॉर्डेलियाचे 'एम्प्रेस' हे जहाज 1990 साली बांधलेले आहे. त्या काळी जहाजांवर सज्जाच्या खोल्या थोड्याच ठेवीत. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी जहाजाचे वय व खोलीची जागा विचारणे यात संकोच कसला? आपण जुनी लेथ घेताना विचारतोच.

जाहिरातीतील भाडे बहुधा एका खोलीत दोघे राहतील या हिशेबाने असते. एकट्या प्रवाशास जास्त पडते. बंदर-आकार, कर, पेये, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहल यांची बेरीज निराळी. जहाज सुटल्यावर रिकाम्या खोलीची किंमत शून्य होते, संध्याकाळच्या भाजीसारखीच. म्हणून तीच खोली शेजारच्या प्रवाशास निम्म्या दराने मिळालेली आढळते. त्यात फसवणूक नाही. पण महाग घेणाऱ्यास स्वस्त घेणाऱ्याहून चांगले जेवण मिळेल, ही आशा व्यर्थ आहे. भोजनगृह एकच असते.

भोजनाचा विषय आपल्यासाठी मोठा आहे. 'जैन भोजन मिळेल' एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये. कंदमूळ वर्ज्य असणे ही एक गोष्ट. सूर्यास्तापूर्वी ताट मिळणे ही दुसरी. चौविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांनी भोजनगृह किती वाजता उघडते, हे तिकिटाआधी लेखी विचारून घ्यावे. ज्यासाठी पैसे भरले ते ताट रात्री आठला आले, तर त्यांच्या लेखी भाड्याचा तेवढा भाग बुडालाच.

काही कंपन्या विक्रीचे लक्ष्य गाठणाऱ्या डीलरांस जहाजाची सहल देतात. तिला आपण फुकट म्हणतो. वस्तुतः तिचे भाडे मालाच्या दरात बसलेले असते. अशा सहलीत गैरसोय झाली तर तक्रार कोणी करावी, हा पेच पडतो, कारण व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेस ग्राहक कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. स्वतःच्या कुटुंबासाठी भाडे भरणाऱ्याची गोष्ट वेगळी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये सेवेतील उणीव व दिशाभूल करणारी जाहिरात या दोहोंविरुद्ध दाद मागता येते, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही जाता येते. मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे. जाहिरातीचे पान, पावती आणि भोजनवेळेविषयीचे लेखी उत्तर तोवर जपून ठेवावे.