आवाज मोठा करून टोन लाव

पोरी, गिटारचा नवा प्रोसेसर घरी आणलास की कंपनीने भरून दिलेले प्रीसेट एकदा सगळे ऐकून घे आणि मग बाजूला ठेव. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत भुरळ पडावी म्हणून ते बनवलेले असतात. प्रत्येकात रिव्हर्ब भरपूर, डिले भरपूर, गेन काठोकाठ. एकटीने हेडफोन लावून वाजवताना ते भारी वाटतात. बेस, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी सुरू झाली की मात्र गिटार कुठे गेली तेच कळत नाही. म्हणून रिकामा पॅच उघड. त्यात फक्त एक ॲम्प आणि एक कॅबिनेट ठेव, बाकी सगळे ब्लॉक बंद. एवढ्यावर गिटार चांगली वाजायला लागेपर्यंत दुसरा एकही इफेक्ट चालू करायचा नाही. कोरडा आवाज जर ऐकवत नसेल, तर त्यावर टाकलेला डिले फक्त ते झाकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. टोन लावताना आवाज मोठा ठेव. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात लावलेला पॅच कार्यक्रमात हमखास दगा देतो आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. माणसाच्या कानाला हळू आवाजात खर्जातलं आणि अगदी वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे मोजून मांडलं. हळू आवाजात तुला बेस कमी वाटतो, तू बेस वाढवतेस. ट्रेबल कमी वाटतो, तोही वाढवतेस. मधला भाग आपोआप खाली राहतो. तोच पॅच मोठ्या स्पीकरवर लागला की खाली घुमतो, वर कानात टोचतो आणि मधे पोकळ असतो. गिटारचा जीव नेमका त्या मधल्या भागात आहे. त्यामुळे घरी हवे तितके बोटांचे सराव कर, पॅचचा आराखडाही कर, पण पक्का टोन तालमीच्या खोलीत, सगळे वाजवत असताना, कार्यक्रमाला असतो तेवढ्या आवाजात लाव. दिवसा अर्धा तास जरी अशी जागा मिळाली तरी ती रात्रभराच्या हेडफोनपेक्षा जास्त कामाची.

दुसरा प्रश्न, आवाज बाहेर कशातून येणार आहे? हे न बघता नॉब फिरवणारे फार भेटतात. गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने आवाज सोडून देतो. डिस्टॉर्शनमधली करकर त्याच्यामुळेच आत अडते. कार्यक्रमातला पीएचा स्पीकर तसं काही करत नाही. त्याच्या वरच्या भोंग्यातून सगळं बाहेर येतं. म्हणून प्रोसेसर थेट मिक्सरला जोडणार असशील तर कॅबिनेटचा ब्लॉक, म्हणजे स्पीकरची नक्कल, चालू असलाच पाहिजे. नाही तर माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो आणि लोक यंत्राला दोष देतात. उलट, प्रोसेसर गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटला जोडणार असशील तर तोच ब्लॉक बंद कर, कारण खरा स्पीकर समोर आहेच. नकलेवर खरा चढवला की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होतो. बहुतेक यंत्रांत सेटिंगमध्ये आउटपुट कुठे जाणार ते निवडायची सोय असते, लाइन की ॲम्प. पहिल्या दिवशी ती शोधून ठेव.

ॲम्पची निवड फार ताणू नकोस. यंत्रात थोड्या बदललेल्या नावांनी दहा-वीस ॲम्प असतात, पण त्यांची घराणी मोजकी. फेंडर ट्विनच्या वळणाचा स्वच्छ आवाजासाठी, व्हॉक्स एसी तीसच्या वळणाचा किणकिणत्या कॉर्डसाठी, मार्शल जेसीएम आठशेच्या वळणाचा क्रंचसाठी. मेसा रेक्टिफायरच्या वळणाचा जड मेटलसाठी असतो, आणि आपल्याकडच्या गाण्यांत त्याची गरज क्वचितच पडते. एक घराणं निवड आणि महिनाभर त्याच्याशीच राहा. त्याचा बेस, मिड, ट्रेबल प्रत्येकी कुठे काय करतो ते बोटांना पाठ झालं पाहिजे.

नॉब फिरवायला सगळं मध्यावर ठेवून सुरुवात कर. मग जे खुपतंय ते आधी कमी कर, हवंय ते वाढवायचं नंतर बघू. गिटारची सगळ्यात जाड तार, खालची ई, 82 हर्ट्झवर वाजते. बेस गिटारची तीच तार 41 वर. म्हणजे 80 च्या खाली तुझ्या गिटारमधून जे येतं ते सूर नाहीत, ती नुसती धडधड आहे आणि ती बेसवाल्याची जागा खाते. कॅबिनेटच्या किंवा ईक्यूच्या ब्लॉकमध्ये लो कट असतो, तो 80 ते 100 वर लाव. कोळीगीताला किंवा लावणीला नुसते छोटे छोटे कॉर्ड मारायचे असतील तर दीडशेपर्यंतही बिनधास्त ने; ढोलकीचा डग्गा आणि बेस मोकळे होतात आणि तुझी चाप स्वच्छ ऐकू येते. हाय कट पाच-सहा हजारांवर. एकटीने ऐकताना हा आवाज थोडा बारीक, थोडा कोंदट वाटेल. वाटू दे. बँडमध्ये तोच नीट बसतो.

मिडला घाबरू नकोस. नवीन वाजवणारे मिड खाली ओढून बेस-ट्रेबल वर नेतात, कारण खोलीत तो आवाज रेकॉर्डसारखा मोठा वाटतो. पण खाली बेस आणि डग्गा आहे, वर झांजा आणि ऑक्टोपॅड आहे. गिटारला उरतो तो मधला पट्टा, आणि तोच तू रिकामा केलास तर उरतं काय? फक्त एक काळजी घे. गायकाचे शब्द साधारण एक ते तीन हजार हर्ट्झमध्ये कळतात. गाणं सुरू असताना तिथे गर्दी करायची नाही. तुझा पीस आला की मग हक्काने तिथे जा. यासाठी सोलोच्या पॅचमध्ये मिड वेगळा ठेवायचा.

गेनबद्दल मी जरा कडक आहे. घरी आवडेल त्याच्या दोन-तृतीयांश ठेव. मोठ्या आवाजात तार स्वतःच जास्त टिकते, त्यामुळे तेवढा गेन लागत नाही. जास्त गेनमध्ये सूर एकमेकांत कालवले जातात, कॉर्डमधला तिसरा स्वर हरवतो, आणि जोरात मारलं काय, हळू मारलं काय, सगळं सारखंच. आवाज घट्ट हवा असेल तर ॲम्पचा गेन वाढवण्याऐवजी त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा ओव्हरड्राइव्ह लाव. त्याचा ड्राइव्ह जवळपास शून्यावर, लेव्हल वर, टोन मधोमध. तो खालचा बेस थोडा कापतो, मध्य उचलतो आणि ॲम्पला पुढून धक्का देतो. जड रिफ जुळून यायला लागतात. हंबकर असलेली गिटार असेल तर याचा परिणाम लगेच कळतो. सिंगल कॉइलला लेव्हल आणखी थोडी लागेल.

सिंगल कॉइल घेतलीस तर गुणगुण येणारच. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ती आणि तिच्या पटी पिकअपमध्ये शिरतात, शिवाय मंडपात लायटिंगचे डिमर असतात. नॉइज गेट लावताना गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघड, तारा हाताने दाबून धर आणि गुणगुण थांबेपर्यंतच थ्रेशोल्ड वर ने. मग एक लांब सूर धरून बघ. तो शेवटी कापला जात असेल तर थोडं मागे ये. गेट डिलेच्या आधी ठेव, म्हणजे डिलेची शेपूट तुटणार नाही. आणि दोन पावलं सरकून, अंगाची दिशा बदलून बघ. बरीचशी गुणगुण तेवढ्यानेच जाते.

ब्लॉकच्या क्रमाचं वेड घेऊ नकोस. वा-वा पेडल आणि कंप्रेसर आधी, मग ओव्हरड्राइव्ह, ॲम्प, कॅबिनेट, त्यानंतर कोरस, डिले आणि शेवटी रिव्हर्ब. बहुतेक गाणी यात निघतात. व्हॉल्यूम पेडलची जागा मात्र विचार करून ठरव. ॲम्पच्या आधी ठेवलास तर पाय मागे नेल्यावर गेन कमी होतो, ॲम्पच्या नंतर ठेवलास तर टोन तसाच राहून फक्त आवाज कमी होतो. व्हायोलिनसारखे हळू उमलणारे सूर काढायचे असतील तर डिलेच्या आधी ठेव.

डिलेचा वेळ अंदाजाने लावायचा नाही. साठ हजार भागिले गाण्याची लय, की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. लय 100 असेल तर 600. पाऊण मात्रेचा डिले हवा तर 450, अर्ध्या मात्रेचा 300. यंत्रात टॅपची सोय असेल तर ऑक्टोपॅडवाल्याच्या ठोक्यावर पायाने दोन-तीनदा टॅप कर. डिलेचा आवाज इतका ठेव की चालू असताना जाणवू नये आणि बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटावं. रिव्हर्ब जागेवर अवलंबून. बंद नाट्यगृहाचा स्वतःचा घुमारा असतो, तिथे जवळपास काढून टाक. उघड्या मैदानावर थोडा लागतो. त्यासाठी प्रत्येक पॅच उघडून बदलत बसू नकोस. अनेक प्रोसेसरमध्ये ग्लोबल ईक्यू आणि काहींत ग्लोबल रिव्हर्बही असतो, तो जागेसाठीच आहे. पॅच तुझे, ग्लोबल त्या दिवसाच्या जागेचा, असा हिशेब ठेव.

पॅचच्या आवाजांची बरोबरी ही बाब कुणी शिकवत नाही, आणि कार्यक्रम त्याच्यावरच बिघडतात. मीटर बघून जुळवू नकोस. क्लीन आवाजात तारेचा ठोका मीटरवर उंच उडतो, पण कानाला लहान लागतो. डिस्टॉर्शनचा आवाज दाबलेला आणि सलग असतो, म्हणून मीटर सारखं दाखवत असतानाही तोच मोठा वाटतो. कानानेच जुळव, तेही बँडसोबत. सोलो तीन-चार डेसिबलने वर हवा आणि ती वाढ ॲम्पच्या नंतरच्या लेव्हलने द्यायची. गेनने वाढवलास तर आवाज मोठा होण्याऐवजी गढूळ होईल.

पॅच गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवून बनव आणि मग सहावर आणून ऐक. चांगल्या क्रंच पॅचमध्ये एवढ्यानेच आवाज स्वच्छ होतो. पाय न हलवता दोन टोन हातात येतात. हे शिकून घे, फार उपयोगी आहे. पिक पुलाजवळ मारला की आवाज धारदार, मानेकडे सरकला की गोल, हाही ईक्यूच आहे. ‘कर्ज’ चित्रपटातली ती गिटारची धून गोरख शर्मांनी वाजवली, 1980 साली. शेकडो इफेक्ट एका पेटीत मिळायचे दिवस अजून यायचे होते. ती ऐकताना प्रत्येक सुटा सूर किती मोकळा वाजतो त्याकडे लक्ष दे. गंजलेल्या तारांवर मात्र हातही चालत नाही आणि प्रोसेसरही. पावसाळ्यात आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तारा लवकर मरतात; वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून ठेव.

कार्यक्रमाच्या ठिकाणी साउंडवाल्याला भेटून आधी विचार, लाइन मोनो आहे की स्टिरिओ. बहुतेक वेळा मोनोच असते. मग मोनो असं लिहिलेल्या डाव्या आउटपुटलाच केबल लाव, आणि डावी-उजवीकडे उड्या मारणारा डिले वापरू नकोस, त्यातला अर्धा हरवतो. डीआय बॉक्स माग. साउंड चेकला सगळ्यात मोठा पॅच आधी वाजवून दाखव, म्हणजे तो त्याप्रमाणे गेन लावेल. एकदा त्याने लावलं की यंत्राचा मुख्य आवाज मधेच वाढवायचा नाही. कमी ऐकू येत असेल तर मॉनिटरमध्ये माग. साउंडवाल्याशी नीट बोलणाऱ्या गिटारवाल्याचा टोन समोर बसलेल्यांना चांगला ऐकू येतो, हे मी वर्षानुवर्षं बघतो आहे.

शेवटी विजेचं, आणि हे टोनपेक्षाही मनावर घे. ॲडाप्टर यंत्राचाच वापर. दुसरा लावायची वेळ आलीच तर व्होल्ट आणि प्लस-मायनसची दिशा यंत्रावर लिहिल्याप्रमाणे जुळलीच पाहिजे. अँपिअर जास्त चालतो, कमी नाही. प्रोसेसर आणि मिक्सरची वीज शक्यतो एकाच लाइनवरून घ्यायला सांग. गुणगुण आली म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाक, असं कुणी सुचवलं तर साफ नकार दे. त्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात अर्थिंग बेभरवशाचं असतं. कोरस गायला माइकजवळ तोंड नेण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघ. दिवा लागला तर गिटार खाली ठेव, माइकला हात लावू नकोस आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव. कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला तरी चालेल.

पुढच्या तालमीला तीनच पॅच करून आण, एक क्लीन, एक क्रंच, एक सोलोचा, आणि त्यांची सेटिंग वहीत लिहून ठेव. चौथा लागतोय का ते आपण सगळे मिळून, पूर्ण आवाजात वाजवून ठरवू.