त्या एका तासाला थांब

अगं पोरी, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या मार्गदर्शनाचा कागद लागला, तो वाचून तू पुढं गेली असशील. दुपारचा कार्यक्रम म्हणजे गावाची एसटी चुकणार, दिवेलागणीला घरी पोचायचं आणि उशीर का झाला याचा जाब द्यायचा. भूम, वाशी, लोहाऱ्याकडच्या कितीतरी पोरी याच एका कारणानं तास संपले की कॉलेजात थांबत नाहीत. म्हणून आधी एवढं कर. चार-पाच जणी मिळून समितीच्या मॅडमकडं जा आणि हा कार्यक्रम सकाळच्या तासांमध्ये घ्या, असं सांगा. संकोचू नका. असा कार्यक्रम घ्यायचा की नाही, हे कॉलेजच्या मर्जीवर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये राजपत्रात आले, तेव्हापासून विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांच्यासाठी असं प्रशिक्षण घेणं आणि समितीतल्या सदस्यांची माहिती सगळ्यांना दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. धाराशिवचा विद्यापीठ उपपरिसर असो, तुळजापूरचं टाटा संस्थेचं आवार असो, की उमरग्या-कळंबचं एखादं कॉलेज, नियम सगळ्यांना तेच.

आता मनातलं बोलते. आपल्या भागात पोरगी गप्प बसते ती त्रास देणाऱ्याला भिऊन कमी आणि घराला भिऊन जास्त. कॉलेजात असं काही झालं हे घरी कळलं की दुसऱ्या दिवशी जाणं बंद, आणि थोड्याच दिवसांत पाहुणे बघायला हजर. आई-बाप उसाच्या फडावर असले तर आजी तिकडं फोन लावते आणि फोनवरच सगळं ठरतं. त्रास देणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, शिक्षण तुटतं ते तिचं. मला राग येतो तो याचा. आणि त्या तासाला बस, असं मी एवढ्या कळकळीनं सांगते तेही याचसाठी. तक्रार करणारीचं शिकणं थांबू नये, याची सोय त्या नियमांतच करून ठेवली आहे, पण ती आपल्या पोरींना कुणी सांगत नाही.

चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि त्यापायी तिचं कसलंही नुकसान होऊ द्यायचं नसतं. तक्रार शिक्षकाविरुद्ध असेल तर तिचे पेपर, प्रात्यक्षिक, अंतर्गत गुण यांतलं काहीही त्याच्या हातात राहू नये, अशी शिफारस समिती करू शकते. तिच्यापासून लांब राहा, अशी ताकीद त्याला देता येते. तिचं नाव बाहेर फोडायला कायद्यानंच मनाई आहे. हे चार मुद्दे पाठ कर, बाई. 'मार्क माझ्या हातात आहेत' असं म्हणणाऱ्याचा सगळा जोर तुला हे माहीत नसण्यावरच असतो. आणि मार्कांचं आमिष किंवा धमकी हासुद्धा लैंगिक छळच आहे. अंगाला हात लागला तरच छळ, असं मुळीच नाही. अचकट-विचकट बोलणं, नको असलेले फोटो आणि मेसेज पाठवणं, वर्गात बसणं नकोसं होईल असं वागणं, हे सगळं त्यात येतं.

तेही फक्त कॉलेजच्या फाटकाच्या आतच नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, शैक्षणिक सहल, युवक महोत्सव, क्रीडा स्पर्धा, इंटर्नशिप, जिथं कॉलेज तुला घेऊन जातं किंवा पाठवतं, तिथवर समितीचा अधिकार पोचतो. एसटीत किंवा काळी-पिवळीत कुणी अनोळखी माणसानं त्रास दिला, तर मात्र ११२ लाव आणि पोलिसांकडं जा.

समितीत कोण असतं, तेही बघून ठेव. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिकाच हव्यात. सोबत शिक्षक, कर्मचारी, बाहेरच्या एखाद्या संस्थेतली व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा मोठ्या पदांवरच्यांना तिथं जागा नाही. आपल्याकडं अजून सगळे तिला विशाखा समितीच म्हणतात. त्यामागं राजस्थानातल्या एका खेड्यातल्या भंवरी देवी आहेत. गावातला बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'विशाखा' याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. आपल्यासारख्याच गावातल्या एका बाईनं सोसलेलं आहे हे. ते नुसतं बोर्डावर लटकत राहावं, हे मला बघवत नाही.

प्रशिक्षण समितीतल्या माणसांनाही लागतं, हे गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. २००९ मध्ये तिथल्या विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीनं चौकशी घाईनं उरकली, त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही. म्हणून १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडं पाठवलं. चौदा वर्षं, आणि त्या मुली पुन्हा पहिल्या पायरीवर. त्याच निकालात न्यायालयानं विद्यापीठांना आणि कॉलेजांनाही बजावलं की समित्या नीट नेमा, सदस्यांना शिकवा, जागृतीचे कार्यक्रम नियमित घ्या.

घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार दे. उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. मेसेज कितीही किळसवाणे असले तरी पुसू नकोस. तारीख, वेळ, जागा, आजूबाजूला कोण होतं, हे त्याच दिवशी वहीत लिही. अर्ज देताना पोच घे, आवक क्रमांक घे. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. 'माफी मागतोय, मिटवून टाक' असं कुणी म्हणालं तर घाबरू नकोस. समेट तुझ्या मागणीवरूनच होऊ शकतो, पैशांवर तर नाहीच. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी, असंही होत नाही.

अकरावी-बारावीच्या, अठराच्या आतल्या मुलींची गोष्ट वेगळी. तिथं मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा लागतो, आणि ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं सक्तीचं असतं. मिटवायचा अधिकार कुणालाच नाही. धाकट्या बहिणीला मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर पाठ करायला लाव.

एक मात्र मी खपवून घेणार नाही. फक्त मुलींना हॉलमध्ये बसवून त्यांच्या कपड्यांवर आणि मोबाईलवर भाषण देतात आणि फोटो काढून अहवालाला जोडतात. ते प्रशिक्षण नव्हे. पोरं समोर बसलीच पाहिजेत. कुठं थांबायचं हे त्यांना शिकायचं आहे, आणि त्यांच्यातल्या एखाद्याला असा त्रास झाला तर तोही या समितीकडं जाऊ शकतो, हेही त्यांना कळायला हवं.

घरी सांगायचं कसं, हा प्रश्न उरतोच. पोरीच्या तोंडून ऐकलं की वडील आधी हादरतात आणि मग चिडतात. म्हणून समितीच्या मॅडमनाच घरी फोन करायला सांग. तिचं नाव बाहेर जाणार नाही, परीक्षा बुडणार नाही, हे बाईंनी सांगितलं तर फरक पडतो. आणि घरच्यांना हे ऐन वेळी पहिल्यांदा कळू नये, यासाठी पुढच्या पालक मेळाव्यात हा विषय अर्धा तास ठेवा, असा अर्ज प्राचार्यांना दे. त्यावर वर्गातल्या पोरींच्या सह्या घे, पोरांच्याही घे, आणि त्याचीसुद्धा पोच घ्यायला विसरू नकोस.