ठिणगीची वेळ आणि टायमिंग लाइट

सिलिंडरमध्ये ठिणगी पडताच पेट्रोलचे मिश्रण एकदम पेटते, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक ज्योत पसरावयास थोडा अवधी लागतो. तो स्थूलमानाने दोन मिलिसेकंद धरला, तरी मिनिटाला ३,००० फेऱ्या करणारा क्रँकशाफ्ट तेवढ्यात ३६ अंशांतून फिरलेला असतो. म्हणून दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. किती अंश आधी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, १९६१ साली स्टँडर्ड हेराल्ड मोटार तयार होऊ लागली. त्याच वर्षी लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली आणि शहरातील पाडी येथील तिच्या कारखान्यात मोटारींची विद्युत सामग्री बनू लागली. त्या पिढीच्या गाड्यांत ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून लावावी लागे. नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. जुनी गाडी जपणाऱ्यास मात्र ते आजही चुकत नाही.

पुष्कळ मिस्त्री केवळ कानावर विसंबतात. त्यात एक फसगत आहे. ठिणगी योग्य मर्यादेपेक्षा थोडी लवकर पडू लागली, की उभ्या गाडीचे इंजिन अधिक चपळ चालते व कानाला गोड लागते. पुढे चढावर, भरल्या गाडीत, तेच इंजिन ठोके देऊ लागते. हे ठोके दीर्घकाळ चालू राहिले तर दट्ट्याच निकामी होतो. टायमिंग लाइट हा अंदाज डोळ्यांसमोर आणतो. पहिल्या सिलिंडरच्या प्रत्येक ठिणगीबरोबर तो लकाकतो, त्यामुळे फिरत्या पुलीवरील खूण जागच्या जागी थांबलेली भासते.

निऑनचा दिवा स्वस्त असतो, पण त्याचा तांबूस उजेड अंधाऱ्या गॅरेजातच उपयोगी पडतो. चेन्नईच्या उन्हात झेनॉनचा दिवा घेणेच शहाणपणाचे. तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याचा चिमटा प्लगच्या तारेभोवती नुसता बसवावयाचा असतो, तार सोडवावी लागत नाही. चिमट्यावर बाण असल्यास तो प्लगच्या दिशेस ठेवावा. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते, हेही आधी पाहून घ्यावे.

प्रथम काँटॅक्ट पॉइंटचे अंतर नीट करावे, कारण ते बदलले की वेळही बदलते. पुलीवरील खूण पुसून खडूने पांढरी करावी. इंजिन तापल्यावर, पुस्तिकेत सांगितले असल्यास व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि सांगितलेल्या मंद गतीवर दिवा धरावा. डिस्ट्रिब्युटरचा पट्टा किंचित सैल करून तो अगदी थोडा थोडा फिरवावा; खुणा जुळताच पट्टा आवळून पुन्हा एकदा पाहावे. मग गती वाढवावी. खूण हळूहळू आगाऊ दिशेस सरकली, तर डिस्ट्रिब्युटरमधील वजने मोकळी आहेत असे समजावे. ती हललीच नाही, तर वजने गंजून अडकलेली असण्याचा संभव असतो आणि तेव्हा डिस्ट्रिब्युटर उघडावाच लागतो.

या दिव्याच्या उजेडात पंख्याची पातीही कधीकधी थांबलेली किंवा संथ फिरणारी दिसतात. प्रत्यक्षात ती पूर्ण वेगाने फिरत असतात. म्हणून हात, दिव्याच्या तारा आणि लुंगीचा किंवा सदऱ्याचा सैल भाग पंख्यापासून दूर ठेवावा.