जाम झालेला प्रोपेलर शाफ्ट : काढावा कसा, बसवावा कसा

मालवणहून कसालला जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा लागतो. या रस्त्याने चिरे, खडी, लाकूड आणि बाजारचा माल वाहणाऱ्या गाड्यांत अजूनही जुन्या टाटा गाड्या दिसतात. चिरेखाणीची तांबडी धूळ, खाडीचा खारा वारा आणि वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, या तिन्हींचा मार गाडीच्या पोटाला बसतो. त्यातही गेअर बॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट उघडाच असतो. पावसात खाणी बंद पडतात, गाडी माडाखाली तीन-चार महिने उभी राहते आणि दिवाळीच्या आधी मालक गॅरेजवर येऊन सांगतो, "मिस्त्री, गाडी सुटताना खाडकन् आवाज येता. माका ती उद्याच व्हयी."

या 'उद्याच'पायी कारागिराचे जेवढे नुकसान होते तेवढे गंजामुळे होत नाही. घाईत घण चालतो, योकचा कान तुटतो किंवा फ्लँजचे तोंड वाकते, आणि मग पाचशे रुपयांच्या मजुरीत हजारोंचा भाग कोणी भरायचा यावर वाद होतो. मी शिकाऊ असताना एका गॅरेजात हे पाहिले आहे. मालक म्हणे मोडला तुम्ही, मिस्त्री म्हणे तो आधीच गेलेला होता. दोघेही थोडे थोडे खरे बोलत होते. त्यानंतर ते गिऱ्हाईक त्या गॅरेजला फिरकले नाही.

आधी दुखणे कुठे आहे ते ओळखावे. ब्रेक मारून गाडी थांबली आणि पुन्हा सुटताना एकच ठोका आला तर बहुधा सरकता जोड, म्हणजे स्प्लाइन, अडकत आहे. गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा पाटे दबतात, हाउसिंग वरखाली होते आणि शाफ्टची लांबी थोडी कमीजास्त व्हावी लागते. स्प्लाइन त्यासाठीच असते. ती जाम झाली तर तो सगळा धक्का क्रॉसवर, सेंटर बेअरिंगवर आणि गेअर बॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर जातो. हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव आली तर क्रॉस कोरडा आहे. ठराविक वेगाला सगळी गाडी थरथरत असेल तर सेंटर बेअरिंगचे रबर, वाकलेली नळी किंवा चुकीचा बसवलेला शाफ्ट यांवर संशय घ्यावा.

काम सुरू करताना एक गोष्ट शिकाऊ मुलाला रोज सांगावी. शाफ्ट सुटला की गाडी गेअरमध्ये असली तरी थांबत नाही, कारण इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. काही गाड्यांत हँड ब्रेकही गेअर बॉक्सच्या मागे, शाफ्टवरच असतो, तोही मग निरुपयोगी. म्हणून सपाट जागा, चारी बाजूंनी चाकांना ठोकळे, आणि गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर न ठेवता खाली भक्कम स्टँड. चिऱ्यांची थप्पी लावून गाडी टेकवू नये. चिरा भिंतीत ओझे पेलतो, पण एका कोपऱ्यावर भार आला की फुटतो. शाफ्टही जड असतो, दोन्ही टोकांजवळ दोरीने किंवा साखळीने चासीला बांधून ठेवावा. खाली निजलेल्या माणसाच्या तोंडावर तो पडल्याची उदाहरणे या धंद्यात थोडी नाहीत.

आता खुणा. फ्लँजवर, योकवर आणि स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर पंच मारून किंवा रंगाने रेघ ओढून ठेवावी. जो जसा होता तो तसाच बसला पाहिजे. याचे कारण पुढे सांगतो.

बोल्ट तारेच्या ब्रशने घासून, गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर राहू द्यावेत. डब्यातले तेल नसेल तर डिझेलही चालते, फक्त वेळ जास्त द्यावा. सकाळी पाना लावल्यावर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाब द्यावा, मग सोडवावा. गंजाचा थर दोन्ही बाजूंनी हलला की नट सहज येतो. नाहीच आला तर नट छिन्नीने फोडावा किंवा ग्राइंडरने कापावा, पण बोल्टाच्या भोकाला इजा होऊ देऊ नये. सगळे नट काढून टाकू नयेत. समोरासमोरचे दोन नट चार आटे अडकवून ठेवले तर फ्लँज अचानक सुटली तरी शाफ्ट कोसळत नाही.

फ्लँजच्या मधोमध एक उंचवटा समोरच्या खोबणीत घट्ट बसलेला असतो आणि गंज धरतो तो तिथेच. दोन फ्लँजांच्या फटीत छिन्नी ठोकण्याचा मोह होतो. तिथे ओरखडा किंवा उंचवटा राहिला की फ्लँज सरळ बसत नाही आणि नवा क्रॉस घालूनही थरथर जात नाही. त्यापेक्षा शाफ्ट पाव-पाव फेरी फिरवत पितळी हातोडीने फ्लँजच्या कडेला चहूकडून बेताचे ठोके द्यावेत. पुलर लागत असेल तर तो ताणून ठेवून ठोके द्यावेत. ताण आणि ठोका एकत्र मिळाले की जे सुटते ते नुसत्या ठोक्याने सुटत नाही.

स्प्लाइन जाम असेल तर खरी कसोटी इथे आहे. गाडीखाली झटापट न करता शाफ्ट बाकावर आणावा. सील काढून, स्प्लाइनची बाहेरची बाजू वर करून शाफ्ट उभा ठेवावा आणि तेल घालावे, म्हणजे ते आपल्याच वजनाने दात्यांत उतरते. घाई नसेल तर हे दोन दिवस चालू द्यावे. मग एक योक व्हाइसमध्ये धरून दुसऱ्याला लांब पाइप लावावा आणि आधी पिळावे, उलटसुलट, थोडे थोडे. ओढण्यापेक्षा पिळण्याने गंज लवकर तुटतो. हालचाल सुरू झाली की पुन्हा तेल, पुन्हा पीळ, आणि मग ओढ.

गॅसने तापवायची वेळ आली तर आधी ग्रीस निपल काढून टाकावे आणि टोकाची झाकणचकती उघडावी. बंद पोकळीत अडकलेले ग्रीस आणि पाणी तापले की वाफ होते, आणि चकती गोळीसारखी उडते. त्याच कारणाने शाफ्टची पोकळ नळी कधीही तापवू नये, तिच्यात पाणी शिरलेले असू शकते. बाहेरचे तेल पुसून, जवळ वाळूची बादली ठेवून, फक्त बाहेरचा भाग गोल फिरवत तापवावा. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडाला पाहिजे, इतकेच. लोखंड लाल झाले तर त्याचे पाणी गेले आणि तो भाग भंगारात गेला असे समजावे.

क्रॉस काढताना सर्कलिप आधी साफ करावी, खाचेत तांबडी माती दगडासारखी बसलेली असते. मग व्हाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप मावेल एवढे मोठे सॉकेट ठेवून दाबावे. घणाने काम लवकर होते हे मलाही माहीत आहे, पण कानाला गेलेली बारीक चीर आज दिसत नाही, ती घाटात दिसते. क्रॉसच्या दांड्यावर सुयांच्या रेघा उमटलेल्या असतील आणि नख अडकत असेल तर तो बदलावा. नवा कप बसवताना एखादी सुई तळाशी आडवी पडली तर सर्कलिप खाचेत जात नाही. तेव्हा ठोकत न बसता कप पुन्हा काढून पाहावा.

आता खुणांचे कारण. क्रॉसचा जोड कोनात फिरतो तेव्हा त्याचा वेग एकसारखा राहत नाही. गेअर बॉक्सकडून सारखा वेग आला तरी पुढचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे पडतो. कोन २० अंशांचा असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे ६ टक्के असतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून फेडतो, पण दोन्ही योक एका रेषेत असतील तरच. स्प्लाइन काही दाते चुकवून घातली की चुका फिटण्याऐवजी साठत जातात, आणि थोड्याच दिवसांत गिऱ्हाईक नव्या क्रॉसची तक्रार घेऊन दारात येते. या जोडाला कार्डन हे नाव इटलीच्या जिरोलामो कार्डानो (१५०१–१५७६) या पंडितावरून पडले. आपल्याकडे ज्यांच्या घरात कोणी जहाजावर नोकरी केली आहे त्यांना त्याचा भाऊबंद ओळखीचा असेल. डोलत्या जहाजावर होकायंत्र ज्या दोन कड्यांत टांगून सपाट राहते, तीच ही कल्पना.

नळीवर लहान पट्ट्या वेल्डिंग केलेल्या दिसतात. ती कोणाची जुनी दुरुस्ती नसते, बॅलन्सची वजने असतात. त्या उडवू नयेत आणि नळीवर नवे वेल्डिंगही करू नये. नळी दबली असेल तर मोठ्या शहरातल्या बॅलन्सिंगच्या दुकानात पाठवावी. बोल्ट टाकताना डोक्यावरचा आकडा पाहावा. जिथे १०.९ चा होता तिथे १०.९ चाच, नट नवा आणि लॉकचा. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेन्झशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्याच धाटणीच्या गाड्या इतकी वर्षे चालल्या की भाग मिळत नाही असे क्वचितच होते. नकली मात्र खूप मिळतात. पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले तर चालती गाडी उचलली जाते, आणि मागचे सुटले तर गरगरणारा शाफ्ट ब्रेकचा पाइप तोडतो. फोंडा किंवा करूळ घाट चिरे भरून चढणाऱ्या गाडीत स्वस्त बोल्टाची बचत करू नये.

ग्रीस लिथियमचे, दोन नंबरचे घ्यावे. क्रॉसला गन मारताना चारही कपांतून नवे ग्रीस डोकावले पाहिजे. एकातून आले नाही तर तो कप कोरडा आहे आणि तोच आधी जाणार. खाणीवरच्या गाडीला माझ्या मते आठवड्यातून एकदा गन फिरवावी, आणि धुतल्यावर किंवा पाण्यातून काढल्यावर त्याच दिवशी, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर ढकलले जाते.

बंद पडलेली गाडी ओढून आणायची असेल तेव्हाही शाफ्ट काढावाच लागतो. इंजिन बंद असले की गेअर बॉक्समधला खालचा शाफ्ट फिरत नाही, तेल उडत नाही, पण मागच्या चाकांमुळे मेन शाफ्ट मात्र कोरडा फिरत राहतो. कसालपासून कट्ट्यापर्यंत अशी ओढत आणलेली गाडी शाफ्टाच्या कामाला आली असेल तर गेअर बॉक्सचे कामही बरोबर घेऊन येते.

दराचे बोलणे गाडीखाली शिरण्याआधी, मालकासमोर, कागदावर व्हावे. शाफ्ट नुसता मोकळा झाला तर इतके, क्रॉस गेले असतील तर इतके, स्प्लाइन झिजली असेल तर लेथचा किंवा नव्या भागाचा खर्च वेगळा. तेल मुरण्याचा दिवस मजुरीत धरू नये, कारण त्या दिवशी आपण दुसरे काम करतोच, पण तो दिवस लागणार हे आधी सांगावे. संध्याकाळी आलेल्या गाडीला तेल मारून ठेवले तर गिऱ्हाईकालाही तो दिवस फुकट गेल्यासारखा वाटत नाही. काढलेले क्रॉस, कप आणि कापलेले बोल्ट पिशवीत घालून बिलाबरोबर मालकाच्या हातात द्यावेत, आणि ५० किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळून घेण्यासाठी गाडी परत बोलवावी, त्याचे पैसे न घेता.