बिनव्याजी बँक : ठेवीदाराचे काय बदलते?

सप्टेंबर २०१६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी व्यवहाराचा स्वतंत्र कक्ष सुरू केला. या कक्षात ठेवीवर व्याज नाही आणि त्या पैशांतून दिलेल्या कर्जावरही व्याज नाही. बाकी बँक मात्र पूर्वीसारखीच चालू राहिली.

पण संपूर्ण बँकच बदलली तर? शारजात असे घडले. तेथील नॅशनल बँक ऑफ शारजाने २००२ मध्ये व्याजाचा व्यवहार सोडला. आज ती शारजा इस्लामिक बँक म्हणून ओळखली जाते.

कर्ज कसे बदलते?
समजा, तुम्हाला २०,००० रुपयांचे शिलाई मशीन घ्यायचे आहे. नेहमीची बँक पैसे देते आणि व्याज घेते. इस्लामिक बँक मशीन स्वतः विकत घेते आणि तुम्हाला २३,००० रुपयांना विकते. त्याचे १,१५० रुपयांचे २० हप्ते होतात. हप्ता लांबला तरी ठरलेली किंमत वाढत नाही.

ठेव कशी बदलते?
मुदत ठेवीच्या जागी भागीदारी येते. नफा झाला तर ठरलेल्या प्रमाणात वाटा मिळतो, तोटा झाला तर त्याची झळही बसू शकते. म्हणजे व्याजाबरोबर ठरावीक परताव्याची हमीही जाते.

भारतात हे का होत नाही?
बँकिंग विनियमन कायदा, १९४९ नुसार बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही. इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये स्पष्ट केले.

येथेच सावध राहा
‘हलाल नफा’ देण्याच्या नावाखाली पैसे गोळा करणारी बंगळुरूची आयएमए ही संस्था २०१९ मध्ये कोसळली आणि हजारो लोकांची बचत अडकली. ती बँक नव्हती.

पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा :
१. संस्थेकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना आहे का?
२. ठेवीला विमा आहे का? विमा असलेल्या बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते.
३. नफ्याचा आकडा आधीच कसा सांगतात? नफा-तोट्याच्या खऱ्या भागीदारीत ठरावीक नफ्याची हमी देता येत नाही.

व्याज नकोच असेल, तर आपल्या बँकेत चालू खात्याची चौकशी करा. त्यावर व्याज मिळत नाही. मात्र किमान शिल्लक आणि शुल्क आधी विचारून घ्या.