बंद पडणारी मोटार

यंत्र बिघडले म्हणजे माणसे दोन प्रकारांनी वागतात. काही जण हाती येईल तो भाग बदलून पाहतात. काही जण आधी यंत्राची नीट विचारपूस करतात. या दोहोंतील अंतर मला वयाच्या बाराव्या वर्षी एका जुन्या मोटारीने शिकविले.

ही १९८४ सालची गोष्ट. माझ्या वडिलांनी साठविलेल्या पैशांतून एक वापरलेली मोटार विकत घेतली. आमचे घर पुण्यास आणि आजोळ वाईस. मे महिन्यात टाकी काठोकाठ भरून आम्ही मोठ्या हौसेने निघालो. खेड-शिवापूर मागे टाकले, तोच इंजिनाने दोन-चार गचके दिले आणि गाडी बंद पडली. वीस मिनिटांनी किल्ली फिरविली, तर जणू काही झालेच नाही अशा थाटात ती सुरू झाली! पुढे खंबाटकीच्या घाटात, चढणीच्या वळणावर, तिने पुनः तोच खेळ केला. मागून मालाने भरलेला ट्रक येत होता. त्याच्या चालकाने वेळीच ब्रेक लावला, म्हणून आम्ही वाचलो. त्या दिवशी आईने निक्षून सांगितले, "या गाडीत मी मुलांना घेऊन पुनः बसणार नाही."

वडिलांनी दुरुस्तीस आरंभ केला. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने कॉइल बदलली, तिसऱ्याने पेट्रोलचा पंप नवा बसविला. पैसे गेले, दोष मात्र तसाच राहिला. "उन्हाने नळीत पेट्रोलची वाफ होते, पंपावर ओले फडके ठेवा," असे एका शेजाऱ्यांनी सुचविले. आम्ही तसे केले. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि शेजाऱ्यांचे म्हणणे सर्वांना पटले. तरीही ती बंद पडतच राहिली. अखेर मिळेल त्या किमतीस ती विकून टाकावी, असे वडिलांच्या मनाने घेतले.

त्याच सुमारास एका स्नेह्यांनी आम्हांस एका वृद्ध मिस्त्रींकडे नेले. मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "साहेब, गाडी केव्हा बंद पडते, एवढेच आधी सांगा."

"तिचा काही नेम नाही. केव्हाही पडते," वडील उद्वेगाने म्हणाले.

मला मोटारीचे भारी वेड. गाडी कधी, कोठे, किती किलोमीटर चालून बंद पडली आणि पेट्रोल केव्हा भरले, हे सारे मी एका वहीत टिपून ठेवीत असे. भीतभीतच ती वही मी पुढे केली. मिस्त्रींनी चष्मा लावून पान न् पान वाचले.

"बाळ, ही जून महिन्यातली सकाळी साडेसहाची नोंद खरी ना?"

"हो. तेव्हा पाऊस पडत होता."

"मग उन्हाचा दोष कसा? आणि त्या दिवशी फडके ठेवले होते का?"

"नाही. नुसतेच थांबलो होतो."

"म्हणजे गुण फडक्याचा नव्हे, थांबण्याचा! आता हे पाहा. पाचही वेळा त्याच दिवशी टाकी पूर्ण भरलेली होती. टाकी अर्धी असताना गाडी एकदाही बंद पडलेली नाही."

दुसऱ्या दिवशी टाकी भरून मिस्त्री आमच्याबरोबर निघाले. सुमारे पंचवीस किलोमीटरवर गाडी बंद पडली, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला! "दोष समोर असतानाच त्याला पकडावे," ते म्हणाले. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी लागतात. मिस्त्रींनी प्रथम ठिणगी पाहिली. ती चांगली होती. मग आम्हांस दूर उभे करून त्यांनी कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडली. इंजिन फिरविले, तरी तिच्यातून पेट्रोल येईना. पंप तर नवा होता. तेव्हा ते गाडीच्या मागे गेले आणि त्यांनी टाकीचे झाकण हळूच फिरविले. फुस्स! बाहेरची हवा जोराने आत शिरली. नळी जोडताच गाडी सुरू झाली.

घरी तेलाचा डबा फोडताना आई त्याला दोन भोके पाडते. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरे भोक नसेल, तर तेल अडखळते. आमच्या टाकीचे तसेच झाले होते. आधीच्या मालकाने हरवलेल्या झाकणाच्या जागी दुसऱ्याच गाडीचे झाकण बसविले होते, आणि त्याला हवेचे छिद्रच नव्हते! भरलेल्या टाकीत हवा थोडीच असते. दोन लिटर हवेला चार लिटर जागेत पसरावे लागले की तिचा दाब बराच उतरतो, आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. अर्ध्या टाकीत हवा पुष्कळ असते, म्हणून तेव्हा अडचण येत नसे. गाडी थांबली की झाकणाच्या बारीक फटीतून हळूहळू हवा आत शिरे आणि ती पुनः चालू लागे.

वडील आनंदले; पण मिस्त्रींचे समाधान झाले नव्हते. त्यांनी झाकण पुनः घट्ट लावले, टाकी भरली आणि गाडी बंद पडेपर्यंत चालविली. नंतर छिद्राचे झाकण बसवून, टाकी पुनः भरून, तोच रस्ता दोनदा तुडविला. गाडी कोठेच अडली नाही. तेव्हा कोठे ते म्हणाले, "आता खरे कारण सापडले."

त्या झाकणास फार थोडे पैसे पडले. दिवाळीत आई स्वतःहून गाडीत बसली आणि आम्ही न थांबता वाईस पोचलो.

आजच्या नव्या मोटारींत कार्ब्युरेटर नसतो, आणि कित्येक दोषांची नोंद गाडीतील संगणकच ठेवतो. पण ती नोंद वाचून विचार करावयास माणूसच लागतो.

अभ्यास
१. ओल्या फडक्याने गाडी सुरू होते, असे सर्वांना का वाटले? ते चूक कसे ठरले?
२. भरलेल्या टाकीनेच गाडी का बंद पडे?
३. कारण सापडल्यावरही मिस्त्रींनी जुने झाकण पुनः का लावले?
४. घरातील एखाद्या बिघडलेल्या वस्तूचे निरीक्षण करून त्याची नोंद आठ-दहा ओळींत लिहा.