अंधारातील अन्नदाते

प्रस्तावना

दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात असलेले सोहना हे गाव गंधकयुक्त गरम पाण्याच्या कुंडासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे येथेही असे झरे आढळतात. समुद्राच्या तळाशीसुद्धा उष्ण झरे असतात. तेथे सूर्यप्रकाशाचा एक किरणही पोहोचत नाही, तरीही जीवसृष्टी बहरलेली असते. ती कशाच्या आधारावर जगते, हे या पाठात पाहू या.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• सागरतळावरील उष्ण झरे कसे तयार होतात, हे सांगू शकाल;
• प्रकाशसंश्लेषण आणि रसायनसंश्लेषण यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• खनिजसंपत्ती आणि जीवसृष्टी यांच्या संबंधाविषयी आपले मत मांडू शकाल.

मूळपाठ

शेतातील ज्वारी असो वा अंगणातील तुळस, हिरवी वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न तयार करते. गाय गवत खाते, माणूस धान्य खातो आणि दूध पितो. अशा रीतीने प्रत्येक घासामागे सूर्य उभा असतो. सर्व जीवसृष्टीचा पोशिंदा सूर्यच, असे शास्त्रज्ञही दीर्घकाळ मानत होते. समुद्रात सुमारे १००० मीटर खोलीनंतर संपूर्ण अंधार असतो. तेथील प्राणी वरून पडणाऱ्या मृत जीवांच्या अवशेषांवर कसेबसे जगत असावेत, अशी समजूत होती.

१९७७ साली या समजुतीला धक्का बसला. पॅसिफिक महासागरात गॅलापागोस बेटांजवळ काही भूशास्त्रज्ञ ‘ॲल्विन’ नावाच्या पाणबुडीतून सुमारे २५०० मीटर खोल उतरले. त्यांना उष्ण झऱ्यांचा शोध घ्यायचा होता. झरे सापडलेच, पण त्यांच्याभोवती शिंपल्यांची आणि लाल तुरा असलेल्या लांबलचक नळीकृमींची दाटी दिसली. वाळवंटात अचानक गजबजलेला बाजार दिसावा, तसे ते दृश्य होते. त्या मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, कारण तेथे जीवसृष्टी भेटेल असे कोणाला वाटलेच नव्हते.

हे झरे तयार कसे होतात? पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले आहे. समुद्राखाली जेथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, तेथे कवचाला भेगा पडतात. त्यांतून समुद्राचे पाणी आत झिरपते, शिलारसाच्या उष्णतेने तापते आणि खडकांतील धातू व गंधक यांची संयुगे घेऊन पुन्हा वर उसळते. काही ठिकाणी या पाण्याचे तापमान ३५० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. वरील पाण्याचा प्रचंड दाब असल्यामुळे ते उकळत नाही. थंड पाण्याशी गाठ पडताच त्यातील खनिजे साक्यासारखी खाली बसतात व त्यांची उंच धुराडी तयार होतात. खनिजांच्या काळ्या कणांमुळे त्यांतून धूर निघत असल्याचा भास होतो.

या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असते. कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू बहुतेक प्राण्यांना विषारी ठरतो. झऱ्याजवळच्या काही जिवाणूंना मात्र तोच ऊर्जा देतो. ते या वायूचा समुद्राच्या पाण्यातील ऑक्सिजनशी संयोग घडवून आणतात. त्यातून मुक्त झालेल्या ऊर्जेवर ते कार्बन डायऑक्साइडपासून आपले अन्न बनवतात. या क्रियेला ‘रसायनसंश्लेषण’ म्हणतात. यासाठी लागणारा ऑक्सिजन मुळात वनस्पतींनी सूर्यप्रकाशात तयार केलेला असतो. म्हणजे हे जिवाणूही सूर्याचे थोडे ऋणी आहेतच. पण काही सूक्ष्मजीव केवळ हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांवर जगतात. त्यांना तेवढ्याही ऋणाची गरज नसते.

नळीकृमीला तोंड नसते, आतडेही नसते. मग तो जगतो कसा? त्याच्या शरीरात असंख्य जिवाणू वस्तीला असतात, हे कोलीन कॅव्हॅनॉ या संशोधिकेने विद्यार्थिदशेतच, १९८१ साली दाखवून दिले. कृमी आपल्या तुऱ्याने वायू गोळा करून जिवाणूंना पुरवतो आणि जिवाणू त्याला अन्न देतात. एकाने घर द्यावे, दुसऱ्याने शिधा द्यावा, असे हे सहजीवन आहे.

हिंदी महासागरातही असे झरे आहेत. मॉरिशसच्या आग्नेयेस ‘कैरेई’ नावाचे झऱ्यांचे क्षेत्र जपानी शास्त्रज्ञांना २००० साली सापडले. तेथून मिळवलेला एक सूक्ष्मजीव १२२ अंश सेल्सिअस तापमानातही वाढतो, असे २००८ साली प्रयोगशाळेत सिद्ध झाले. याच क्षेत्रात पायावर लोहयुक्त खवले असलेली गोगलगाय आढळली. तिचे पोषणही शरीरातील जिवाणूच करतात.

भारतानेही या संशोधनात पाऊल टाकले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये हिंदी महासागरात सुमारे ४५०० मीटर खोलीवरील एका सक्रिय झऱ्याचे छायाचित्र भारतीय शास्त्रज्ञांनी प्रथमच टिपले. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांनी ही मोहीम संयुक्तपणे पार पाडली. तिच्यामागे दिल्लीतील पृथ्वी भवनातून चालणाऱ्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे पाठबळ होते.

या शोधामागे ज्ञानाची ओढ आहे, तशी खनिजांची गरजही आहे. झऱ्यांभोवतीच्या साठ्यांत तांबे, जस्त, सोने, चांदी हे धातू असतात. त्यांच्या शोधासाठी भारताने २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी १५ वर्षांचा करार केला. हा करार शोधकार्याचा आहे, उत्खननाचा नव्हे. उद्या उत्खनन सुरू झाले, तर काय होईल? खवल्यांची ती गोगलगाय जगात मोजक्याच ठिकाणी आढळते. खाणकामाच्या संभाव्य धोक्यामुळे २०१९ साली तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत झाली. वीजवाहक तारांना तांबे हवेच. परंतु जे पाणी धातू वर आणते, तेच तेथील सूक्ष्मजीवांचेही पोषण करते. तिजोरी फोडताना घराचा पायाच तर खणला जात नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे.

डोळ्यांना न दिसणारे हे जीव अंधारात एक संपूर्ण सृष्टी पोसत आहेत. त्यांची पुरती ओळख होण्यापूर्वीच त्यांचे घर मोडू नये, एवढे भान माणसाने ठेवायला हवे.

शब्दार्थ

पोशिंदा – पोसणारा, पालनकर्ता
शिलारस – पृथ्वीच्या पोटातील वितळलेला खडक
शिधा – स्वयंपाकासाठी लागणारे धान्य व इतर जिन्नस
उत्खनन – खोदून बाहेर काढणे

स्वाध्याय

१. सागरतळावरील झऱ्याचे पाणी ३५० अंशांवरही का उकळत नाही?
२. नळीकृमी आणि जिवाणू यांचे सहजीवन चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
३. ‘तिजोरी फोडताना घराचा पायाच तर खणला जात नाही ना’ या वाक्यातील ‘तिजोरी’ आणि ‘पाया’ हे शब्द कशासाठी वापरले आहेत?
४. तुमच्या परिसरात विकासकाम आणि निसर्ग यांत निवड करण्याचा प्रसंग आला असल्यास, त्याविषयी दहा ओळी लिहा.